सहकुटुंब सहलीसाठी सोबत नेता येईल असा सोपा आणि पोटभरीचा नाश्ता

प्रश्न: वाटसरू

नमस्कार.

पुढील महिन्यात आम्ही सहकुटुंब आठवडाभराच्या सहलीला निघत आहोत. सोबत सासू-सासरे आहेत आणि सासऱ्यांना मधुमेह आहे. मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची आहे. पहिला संपूर्ण दिवस मोटारीच्या प्रवासात जाईल. त्यानंतर जिथे मुक्काम आहे, तिथे खोलीत पाणी उकळण्याची विजेची किटली आणि एक लहानसा फ्रिज एवढीच सोय आहे. शेगडी नाही आणि नाश्ताही मुक्कामाच्या दरात धरलेला नाही.

दुपारचे आणि रात्रीचे जेवण बाहेर घेण्यास आमची काहीच हरकत नाही, अडचण फक्त सकाळची आहे. घरातले प्रत्येक जण वेगळ्या वेळी उठते आणि प्रत्येकाला भूकही वेगळ्या वेळी लागते. सर्वांचे आवरून बाहेर पडेपर्यंत सासऱ्यांची खाण्याची वेळ टळून जाते आणि धाकटीची रडारड सुरू होते. मुलांच्या हातात बिस्किटे दिली, तर तासाभरात ती पुन्हा खायला मागतात आणि मग दिवसभर अरबट-चरबट खाणे चालू राहते.

म्हणून घरूनच तयार करून नेता येईल, शेगडीशिवाय खाता येईल, प्रवासात खराब होणार नाही आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोटाला आधार देईल असे काही सुचवावे, ही विनंती. पदार्थांची नुसती नावे न देता प्रमाण, टिकण्याचा काळ आणि बांधण्याची पद्धत सांगितली, तर फार मदत होईल. आमच्याकडे अंडी चालतात.

प्रतिसाद: ओंजळ

वाटसरू, तुमच्या सोयींचा विचार करता एकच पाया पक्का करावा असे मला वाटते आणि तो म्हणजे घरी कोरडे मिश्रण तयार करून एकेका माणसाच्या मापाची पुडी बांधणे. कोरड्या पदार्थात जिवाणूंची वाढ होण्यापुरते पाणीच नसते, त्यामुळे फ्रिज असो वा नसो, आठवडाभर त्याची चिंता करावी लागत नाही. पाणी घातले की मात्र तो ताज्या शिजवलेल्या अन्नासारखाच नाशवंत होतो. म्हणून पाणी खाण्याच्या वेळीच घालावे.

एका मोठ्या माणसाच्या पुडीचे प्रमाण असे ठेवावे: ४० ग्रॅम जाड पापडीचे ओट्स, २० ग्रॅम साय न काढलेल्या दुधाची पावडर, २० ग्रॅम बारीक तुकडे केलेले बदाम, १५ ग्रॅम मनुका, चिमूटभर मीठ आणि आवडत असल्यास थोडी दालचिनीची पूड. यातून साधारण ४०० कॅलरी, १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सहा-सात ग्रॅम तंतू मिळतात. वर एखादे केळे किंवा सफरचंद घेतले, तर कष्टाच्या दिवसालाही हा नाश्ता पुरतो. मुलांसाठी हीच पुडी अर्ध्या किंवा पाऊण मापाची करावी.

ओट्स निवडताना थोडे लक्ष द्यावे. जाड पापडीचे ओट्स वाफवून, दाबून चपटे केलेले असतात, त्यामुळे ते नुसत्या उकळत्या पाण्यात मऊ होतात. धान्य कापून केलेले कणीदार ओट्स शेगडीवर वीस-तीस मिनिटे शिजवावेच लागतात, म्हणून ते तुमच्या कामाचे नाहीत. झटपट होणारे, अगदी पातळ पापडीचे ओट्स सोयीचे वाटतात खरे, पण ते लवकर पचतात, त्यांच्यामुळे रक्तातील साखर तुलनेने वेगाने वाढते आणि त्यांच्या तयार पाकिटांत बहुधा साखर मिसळलेली असते. तुमच्या घरात मधुमेही व्यक्ती असल्याने ते टाळावेत.

ओट्स मंद आचेवर कोरडेच पाच-सात मिनिटे भाजून घेतले, तर चवीत मोठा फरक पडतो. खमंग वास सुटला आणि कडा किंचित बदामी दिसू लागल्या की लगेच परातीत पसरावेत. ते पूर्ण गार होईपर्यंत पुडीत भरण्याची घाई करू नये. कोमट ओट्सची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साचते आणि तेवढ्या ओलाव्यानेही दुधाच्या पावडरीचे खडे होतात आणि पुढे बुरशीही धरू शकते.

सगळे मिश्रण एका मोठ्या बरणीत भरून नेण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. मोटारीच्या हादऱ्यांनी जड आणि बारीक पावडर तळाशी बसते, ओट्स वर राहतात, आणि मग पहिल्या दिवशी पाणचट तर शेवटच्या दिवशी पिठूळ नाश्ता पदरात पडतो. प्रत्येकाची वेगळी पुडी असली की मापाचा प्रश्न उरत नाही, पहाटे उठणाऱ्याने उरलेल्यांची वाट पाहायची गरज राहत नाही आणि ज्याच्या पुडीत जे घालायचे किंवा वगळायचे ते घरीच ठरवता येते.

खाण्याच्या वेळी पुडी भांड्यात रिकामी करावी, १५० ते १८० मिलिलिटर उकळते पाणी घालावे, ढवळावे आणि ताटली झाकून सहा-सात मिनिटे ठेवावे. झाकण अवश्य ठेवावे, कारण ओट्स शिजवण्याचे उरलेले काम कोंडलेली वाफच करते.

रोज गोड खाऊन मोठी माणसे कंटाळतात, म्हणून निम्म्या पुड्या तिखटमिठाच्या कराव्यात. त्यांत मनुका आणि दालचिनीऐवजी भाजलेल्या भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, मिरपूड, वाळवलेला कांदा, टोमॅटोची पूड आणि बेताचे मीठ घालावे. वरून उकडलेले अंडे चिरून घातले, तर तो चांगला भरपेट नाश्ता होतो.

खोलीत फ्रिज आहे, त्यामुळे रात्री ओट्स भिजवून सकाळी थंडच खाण्याचा मार्गही मोकळा आहे. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर माक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९००च्या सुमारास आपल्या झुरिक येथील रुग्णांसाठी जे म्यूसली सुरू केले, ते मुळात असेच होते. पाण्यात भिजवलेले थोडे ओट्स, त्यांत सालासकट किसलेले सफरचंद, लिंबाचा रस, बदाम किंवा अक्रोडाची पूड आणि गोड घट्ट दूध एवढेच त्यात असे. त्यात धान्यापेक्षा सफरचंद जास्त असे, हे आजच्या खोक्यातले कुरकुरीत म्यूसली पाहून लक्षात येत नाही. सहलीत हा प्रकार जसाच्या तसा करता येतो, फक्त सफरचंद सकाळी आयत्या वेळी किसावे.

प्रतिसाद: दूरचा प्रवासी

ओंजळ यांनी मुक्कामाची सोय लावून दिली आहे, म्हणून मी मोटारीतल्या पहिल्या दिवसाविषयी लिहितो. त्या दिवशी किटली हाताशी नसेल आणि नाशवंत पदार्थ संपवण्याची हीच वेळ आहे. जे आधी खराब होईल ते आधी खावे आणि कोरड्या पुड्या नंतरसाठी राखाव्यात, हा क्रम पाळला की बरेच काही टाकून देण्याची वेळ येत नाही.

तुमच्या वर्णनावरून मी पहिल्या दिवसासाठी उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे, पीनट बटर लावलेला गव्हाचा पाव आणि सालीची फळे एवढेच घेईन. बटाट्याचे नाव वाचून कदाचित नवल वाटेल. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ खाद्यपदार्थांची तुलना प्रसिद्ध केली होती. प्रत्येक पदार्थ सारख्याच, म्हणजे सुमारे २४० कॅलरी भरतील एवढ्या मापात खायला देऊन पुढील दोन तास पोट किती भरलेले वाटते, हे त्यांनी नोंदवले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले आणि तो सर्वांत वर आला. ओट्सच्या लापशीला २०९, संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७ आणि अंड्याला १५० गुण होते, तर केकला ६५ आणि लोण्याचे पदर असलेल्या क्रोसाँला अवघे ४७ होते. पहाटे निघताना मुलांच्या हातात केकचा तुकडा का पुरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

बटाटे आदल्या संध्याकाळी सालासकट उकडावेत, पसरून लवकर गार करावेत आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. गार बटाटा सुरीखाली चुरत नाही, त्याच्या चौकोनी फोडी स्वच्छ पडतात, आणि मीठ-मिरपूड व लिंबू लावले की मुले त्या काट्याने टोचून सहज खातात. उकडलेला बटाटा कोरडा दिसला तरी तो नाशवंत आहे, म्हणून तो थंड डब्यातच न्यावा.

अंड्यांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा जास्त टिकते असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात उलटे आहे. उकडताना कवचावरचा नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जिवाणूंना आत शिरणे सोपे होते. उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे ठेवून अंडी लगेच थंड पाण्यात टाकावीत, पुसून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत आणि खाईपर्यंत सोलू नयेत. अशी अंडी फ्रिजमध्ये आठवडाभर चालतात, परंतु बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेले अंडे खाऊ नये.

हा दोन तासांचा नियम सर्वच नाशवंत पदार्थांना लागू आहे. सुमारे ४ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे शिजवलेले अन्न, दूध, दही, चीज आणि चिरलेली फळे या टप्प्यात दोन तासांहून अधिक राहू देऊ नयेत. हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल, तर ही मर्यादा एकच तास समजावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत हे तापमान पाहता पाहता ओलांडले जाते. वास किंवा चव बदलली नाही म्हणजे अन्न सुरक्षित आहे, असे समजू नये. आजारी पाडणारे बरेच जिवाणू अन्नाच्या रूपात किंवा वासात काहीही बदल करत नाहीत.

थंड डबा भरताना बर्फाच्या लहान खड्यांपेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून घ्याव्यात. मोठा बर्फ सावकाश वितळतो, डब्यात पाणी साचत नाही आणि वितळलेले पाणी पिण्यास उपयोगी पडते. बाटली गळ्यापर्यंत भरू नये, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बाटली तडकते. पदार्थ डब्यात ठेवण्यापूर्वीच फ्रिजमध्ये पूर्ण गार झालेले असावेत आणि गोठवलेल्या बाटल्या खाली तसेच वरही ठेवाव्यात. पिण्याच्या पाण्यासाठी डबा वारंवार उघडला जातो, तेव्हा पाण्याचा डबा वेगळा असलेला बरा. थंड डबा सामानाच्या कप्प्यात न ठेवता माणसे बसतात तिथे सावलीत ठेवावा.

पावाच्या कामात एवढेच सांगतो की पीनट बटर दोन्ही कापांना अगदी कडेपर्यंत लावावे. मध्ये केळ्याच्या चकत्या घातल्या, तर पीनट बटरमधील तेलामुळे त्यांचा ओलावा पावात मुरत नाही आणि पाव लगदा होत नाही. काकडी आणि टोमॅटो वेगळ्या डबीत न्यावेत आणि खाताना घालावेत.

प्रतिसाद: सुगरण

वरच्या दोन्ही प्रतिसादांत भर म्हणून ओट्स आणि केळ्याच्या भाजलेल्या वड्या सुचवते. मुलांना हातात धरून खाता येतात आणि मोटारीत सांडलवंड होत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

तीन चांगली पिकलेली केळी कुस्करून घ्यावीत. साल ठिपकेदार काळी झालेली केळी उत्तम, कारण त्यांच्या गोडीमुळे वेगळी साखर लागत नाही. त्यांत दोन अंडी, तीन मोठे चमचे पीनट बटर, २०० ग्रॅम जाड ओट्स, एक लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि मूठभर चिरलेल्या मनुका मिसळून दहा मिनिटे मुरू द्यावे. मग कागद लावलेल्या चौकोनी पात्रात दोन बोटे जाडीचा थर पसरून १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली आणि कडा पात्रापासून सुटू लागल्या की झाले. गरम असताना कापल्या तर वड्या मोडतात, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच कापाव्यात.

या वड्या ओलसर असल्याने उष्ण हवेत बाहेर फार टिकत नाहीत. निघण्याच्या आठवडाभर आधी करून, एकेक वडी कागदात गुंडाळून गोठवाव्यात आणि निघताना तशाच थंड डब्यात ठेवाव्यात. डब्याला त्यांचा आणखी थंडावा मिळतो आणि दोन-तीन तासांत त्या खाण्याजोग्या मऊ होतात. उरलेल्या मुक्कामी पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवाव्यात.

बाजारात मिळणाऱ्या तयार धान्याच्या वड्या घेणारच असाल, तर वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन नावांत साखर किंवा साखरेचा पाक असेल, तर तो नाश्ता नव्हे, मिठाई आहे.

प्रतिसाद: आहारवेध

चर्चा उपयुक्त चालली आहे. घरातील वयोवृद्ध आणि लहान मुले यांच्या दृष्टीने काही गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात, कारण सर्वांना एकच पुडी देऊन चालणार नाही.

सर्वांत आधी तीन वर्षांच्या मुलीविषयी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे, बदाम किंवा अक्रोड देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो आणि चालत्या मोटारीत तो अधिक वाढतो, कारण पुढे बसलेल्या माणसाचे मागे लक्ष नसते. तिच्या पुडीत बदामाची बारीक पूड घालावी, मनुका चिरून घालाव्यात, सफरचंद किसून द्यावे आणि द्राक्षे उभी चिरावीत. पीनट बटर पातळ थर लावूनच द्यावे, चमचाभर गोळा तोंडात देऊ नये. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी हेही सांगते की एक वर्षाच्या आतील बाळाला कोणत्याही रूपात मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सासऱ्यांच्या पुडीतून मनुका वगळाव्यात आणि त्याऐवजी बदाम किंवा बिया थोड्या वाढवाव्यात. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पोटात चिकट, दाटसर होतो, त्यामुळे अन्न सावकाश पुढे सरकते आणि साखरही रक्तात हळूहळू उतरते. तरीही ओट्स हे पिष्टमय धान्यच आहे आणि दुधाच्या पावडरीतही दुधाची साखर असते, तेव्हा मापाबाहेर खाऊन चालणार नाही. सोबत एक अंडे दिले, तर पुडी ३० ग्रॅम ओट्सची केली तरी पुरेल.

त्याहून महत्त्वाची बाब वेळेची आहे. ते इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेत असतील, तर औषध घेऊन खाणे लांबल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांची पुडी, भांडे आणि चमचा रात्रीच त्यांच्या उशाशी ठेवावेत म्हणजे कोणाला उठवावे लागणार नाही. साखर एकदम उतरल्यास लगेच देता येईल असा ग्लुकोज किंवा साखरेचा गोड रसही हाताशी असावा. प्रवासात जेवणाच्या वेळा बदलणार असतील, तर औषधाच्या वेळा कशा ठेवाव्यात हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

दूरचा प्रवासी यांनी दिलेल्या १९९५च्या तुलनेबद्दल थोडी पुस्ती जोडते. त्यात शेंगदाण्यांना फक्त ८४ गुण, म्हणजे पांढऱ्या पावापेक्षाही कमी होते. हे वाचून कोणी पुड्यांतले दाणे काढून टाकू नयेत. २४० कॅलरींचे शेंगदाणे जेमतेम मूठभर होतात, तर तेवढ्याच कॅलरींचे बटाटे ताटभर. शिवाय प्रत्येक पदार्थ केवळ ११ ते १३ जणांनी खाल्ला होता आणि मोजणी दोन तासांपुरतीच होती. आपल्याला चार-पाच तासांचा आधार हवा आहे आणि तिथे दाण्यांतील स्निग्धांश व प्रथिने यांचा उपयोग होतो. पाणी आणि तंतू यांनी पोट भरते, प्रथिने आणि स्निग्धांश यांनी ते भरलेले राहते. नाश्त्यात दोन्ही असावेत, म्हणूनच ओट्स, दूध, दाणे आणि एखादे फळ हा मेळ मला योग्य वाटतो.

मुलांपैकी कोणाला मोटारीत मळमळत असेल, तर निघण्याच्या वेळी तेलकट किंवा भरपेट काही देऊ नये. अगदी रिकामे पोटही बरे नाही. अर्धा पाव किंवा लहानशी वडी द्यावी आणि उरलेला नाश्ता पहिल्या थांब्यावर, मोकळ्या हवेत द्यावा.

शेवटची सूचना घरातल्या सर्वांसाठीच आहे. ज्यांना रोज एवढे तंतू खाण्याची सवय नाही, त्यांना सहलीच्या पहिल्याच दिवशी ओट्स सुरू केल्यास पोट फुगणे, वायू होणे असा त्रास संभवतो. प्रवासात पाणी कमी प्यायले जाते आणि मग बद्धकोष्ठही होते. निघण्यापूर्वी आठवडाभर घरीच थोड्या प्रमाणात हा नाश्ता सुरू करावा आणि सकाळी नाश्त्यासोबत पेलाभर पाणी सर्वांनी प्यावे.

वाटसरू

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने आणि तपशिलात लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या दिवसाची अंडी, बटाटे आणि वड्या, पुढे कोरड्या पुड्या, असे आता निश्चित केले आहे. सासऱ्यांच्या पुड्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांधणार आहे.

तीन शंका उरल्या आहेत. ओट्स थेट किटलीत शिजवता येतील का? दुधाच्या पावडरीवर उकळते पाणी ओतले की गुठळ्या होतात, त्यावर काय करावे? आणि परतीचा प्रवास कदाचित विमानाने होईल, तर त्या सकाळसाठी काय न्यावे?

ओंजळ

किटलीत पाण्याशिवाय काहीही घालू नये. दूध किंवा ओट्स तळाला लागून करपतात, फेस वर येऊन तोटीतून बाहेर पडतो आणि आपोआप बंद होण्याची यंत्रणाही बिघडू शकते. शिवाय ती किटली आपल्यानंतर येणाऱ्या पाहुण्यांनाही वापरायची असते.

त्याऐवजी रुंद तोंडाचा थर्मास न्यावा. त्यात आधी उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे आणि ओतून टाकावे, म्हणजे आतली भिंत तापते. मग पुड्या आणि ताजे उकळते पाणी घालून झाकण घट्ट लावावे. पंधरा-वीस मिनिटांत ओट्स छान मिळून येतात आणि उशिरा उठणाऱ्यांनाही गरम नाश्ता मिळतो. मात्र रात्रीच भरून सकाळी खाण्याचा बेत करू नये. शिजवल्यावरही तग धरणारे बॅसिलस सिरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू धान्यात असू शकतात आणि थर्मासमधील अन्न हळूहळू ६० अंशांखाली उतरले की त्यांना वाढीला पोषक ऊब मिळते. सकाळी भरून दोन-तीन तासांत संपवले, तर चिंता नाही.

गुठळ्या टाळण्यासाठी पुडीवर आधी दोन-तीन चमचे साधे पिण्याचे पाणी घालून दाटसर कालवावे आणि मगच उकळते पाणी धारेने ओतावे. उकळते पाणी एकदम पडले की पावडरीच्या कणांचा बाहेरचा थर चिकट होतो आणि आतली पावडर कोरडीच अडकून राहते. आधी ओली केली, तर असे होत नाही.

दूरचा प्रवासी

विमानाबाबत लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट अशी की २००६ पासून बहुतेक विमानतळांवर हातातील सामानात प्रत्येकी १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या पात्रात द्रव पदार्थ नेता येत नाहीत आणि पीनट बटर, दही, जॅम हेही द्रव किंवा लगदा या सदरात मोजले जातात. काही विमानतळांवर नवी तपासणी यंत्रे आल्याने हा नियम शिथिल झाला आहे, पण मधल्या एखाद्या विमानतळावर तो लागू असेल तर बरणी तिथेच टाकून द्यावी लागते. पावाला लावलेले पीनट बटर मात्र सहसा अडवले जात नाही. शेजारच्या प्रवाशाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असू शकते, म्हणून विमानासाठी दाण्यांऐवजी चीज लावलेला पाव किंवा सूर्यफुलाच्या बिया घातलेल्या वड्या अधिक योग्य ठरतील. मात्र चीज लावलेला पाव घेतलात, तर दोन तासांचा नियम तिथेही पाळावा.

कोरड्या पुड्या हातातील सामानात सहज नेता येतात. विमानात गरम पाणी मागितल्यास बहुधा मिळते, पण तिथल्या पाण्याचे तापमान कमी असू शकते, तेव्हा झाकून दहा मिनिटे तरी ठेवावे. परदेशातून परतत असाल, तर ताजी फळे, अंडी आणि दुधाचे पदार्थ विमानातच संपवावेत. अनेक देश असे अन्न आत येऊ देत नाहीत आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तर सोबत आणलेले अन्न जाहीर न केल्यास जागेवर दंड होतो.

ओंजळ

एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहिली. मुक्कामाच्या खोलीत मोजपात्र नसते आणि तिथल्या पेल्यांचे आकारही सारखे नसतात. घरी एक पुडी करून पाहताना १५० मिलिलिटर पाणी मोजून, सोबत नेणार त्याच भांड्यात ओतावे आणि पाणी पोहोचते तिथे बाहेरून कायम शाईच्या पेनाने रेघ मारावी. नंतर पुडी घालून ओट्स कसे होतात ते पाहावे आणि घरच्यांना अधिक सैल आवडले तर रेघ थोडी वर घ्यावी. प्रत्येकी एक झाकणाचे भांडे आणि एक चमचा, फळांसाठी लहान किसणी, भांडी पुसायला एक फडके आणि पुड्यांचा डबा हे सगळे एकाच पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी मोटारीत सर्वांत शेवटी चढवावी, म्हणजे मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत आधी हाती येईल. माणशी एक-एक पुडी जास्तीची घ्यावी, कारण कधी परतीला उशीर होतो, तर कधी दुपारचे जेवण लांबते.